गिल्टी बैठली का?

श्रावणातली गोष्ट. म्हणजे इथल्या सावनातली. जयपुरातला सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो आणि आपला श्रावण त्यानंतर पंधरा दिवसांनी संपतो, त्यामुळे इकडे येऊन राहिलेल्या मराठी माणसाला हिशेबाने दीड महिन्याचा श्रावण मिळतो. उपवासापुरता आम्ही आपला धरतो, गोडाधोडापुरते दोन्ही.

तर तीजेचा दिवस. शेजारच्या दादीसांनी माझ्या बायकोला गच्चीवर झोक्याला आणि घेवर खायला बोलावलं होतं. ही दुपारी जरा आडवी झाली ती साडेपाचला उठली. तोवर गच्चीवरची गाणी संपली होती, झोक्याचा दोर गुंडाळून झाला होता आणि बायका आपापल्या घरी चहाला लागल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या नारळाच्या करंज्यांचा डबा घेऊन ही माफी मागायला निघाली. डबा धरायला मी.

दादीसा ओट्यावर बसून ग्वारफली मोडत होत्या. जयपुरात बारा महिने कुठल्या तरी ओट्यावर कुणीतरी गवार मोडतच असतं. हिने सुरुवात केली. सहा वर्षांत हिच्या हिंदीचं व्याकरण सुधारलेलं नाही, आत्मविश्वास मात्र वाढला आहे.

“दादीसा, कल आपने इतना प्यार से बुलाया और मैं आयी नहीं. मुझे बहुत गिल्टी लगती है.”

दादीसांच्या हातातली शेंग तशीच राहिली. चष्म्याच्या वरून त्यांनी हिच्याकडे नीट बघितलं.

“गिल्टी? कठै निकळी? बगल में, क गळा में?”

हिला प्रश्नाचा शेवट कळला नाही, ‘कठै’ तेवढं कळलं. कुठे वाटतंय असं विचारताहेत म्हणून हिने छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, “यहाँ. एकदम अंदर.”

मग जे झालं ते फार वेगाने झालं. सुनेला हाक गेली. सून पदर सावरत आली, तिच्यामागून नातू आला. हळद आणि चुना कालवायचा हुकूम सुटला. कितने दिन से है, दुखती है क्या, रात को ताप चढ़ता है क्या, असे प्रश्न सुरू झाले आणि आमच्या बाईसाहेब ‘कल शाम से’, ‘हाँ, बहुत दुखता है’ अशी प्रामाणिक उत्तरं देत गेल्या. मी डबा धरून उभा. थोड्या वेळाने आम्ही घरी आलो तेव्हा माझ्या हातात करंज्यांच्या डब्याच्या जागी झाकलेलं घेवर होतं, आणि हिच्या हातात लेपाची गरम वाटी.

हिंदीत गिल्टी म्हणजे गाठ. गळ्याला, काखेत, जांघेत येते ती. पायाला जखम झाली की जांघेत जी सूज येते तिला आपण अवधाण म्हणतो, ते इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या भाषेत गिल्टी. दादीसांचं काही चुकलं नव्हतं. चाळीस पावलांवर राहणारी बाई सकाळी सकाळी येऊन सांगते की मला गिल्टी झाली आहे, तीही छातीत, तर शेजाऱ्याने दुसरं काय करावं?

आणि फिटंफाट अशी की पहिल्या वर्षी मीही असाच एकदा धावलो होतो. विद्यापीठातून निवृत्त झालेले एक प्राध्यापक आमच्या गल्लीत राहतात. त्यांनी माझी छत्री नेली आणि चार महिने परत केली नाही. एक दिवस दारात येऊन, छत्री पुढे करून, मान खाली घालून म्हणाले, “भाईसाहब, मुझे बड़ी ग्लानि हो रही है.” मी त्यांना दंडाला धरून आत आणलं, पंख्याखाली बसवलं आणि लिंबूपाण्यात मीठ-साखर घालून आणलं. आपल्याकडे ग्लानी तापात येते. नाहीतर धर्माला येते, गीतेत. छत्रीवरून कुणाला ग्लानी आलेली मी ऐकली नव्हती. हिंदीत मात्र ग्लानि म्हणजे केल्या गोष्टीची मनाला लागलेली लाज. प्राध्यापकांनी सरबत मुकाट्याने प्यायलं. महाराष्ट्रात पाहुण्याचं असंच करत असतील, असं त्यांना वाटलं असणार.

म्हणजे या गल्लीतला हिशेब असा: त्यांना मनाचं काही झालं की आम्ही सरबत करतो, आम्हाला मनाचं काही झालं की ते लेप लावतात. चुकीबद्दलचे शब्द सरहद्द ओलांडताना हमखास आजारी पडतात. (गच्चीवरची टाकी ठिबकत होती तेव्हा नळवाला म्हणाला होता, “साब, गलती ऊपरवालों की है.” मी वर बघून म्हटलं, गळती वरूनच आहे, बरोबर. आमचं दोघांचं त्या दिवशी पूर्ण एकमत झालं.)

मी तीस वर्षं जिल्हा न्यायालयात अनुवादक होतो. चूक, दोष, अपराध, गुन्हा हे माझ्या रोजच्या भाकरीचे शब्द. जुन्या दंडसंहितेच्या मराठीत ‘मिस्चिफ’ला आगळीक म्हणत, हे मला अजून गोड वाटतं. शेजाऱ्याचा बांध फोडणारा आणि ताटातला लाडू पळवणारं नातवंड दोघेही आगळीकच करतात. कलम 425 फक्त पहिल्याला लागायचं. पण या सगळ्या गोतावळ्यात ‘गिल्टी’ हा शब्द रुबाबाचा. तो उच्चारला जायचा तेव्हा खोली शांत व्हायची. आम्ही त्याचं ‘दोषी’ करायचो. आणि एक सांगतो, त्या तीस वर्षांत कुणी आरोपीला ‘तुम्हाला कसं वाटतंय’ असं विचारलेलं मी ऐकलं नाही. गुन्हा कबूल आहे का, एवढंच विचारत. गिल्टी ही वाटायची गोष्ट नव्हती, असायची किंवा नसायची. वजन-उंचीसारखी.

आता परवा माझी नात, वय वर्षे नऊ, मनीप्लँटसमोर उभी राहून म्हणाली, “आजोबा, मी दोन दिवस पाणी नाही घातलं, मला गिल्टी फील होतंय.” पाणी तिने त्यानंतरही घातलं नाही. मी घातलं.

हा शब्द कोर्टातून मनीप्लँटपर्यंत कसा आला, याचा मी जरा मागोवा घेतला. निवृत्त माणसाला वेळ असतो आणि शब्दकोश असतो.

गिल्ट हा इंग्रजीतला फार जुना शब्द, थेट हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतला. गंमत म्हणजे त्याला सख्खे भाऊबंद नाहीत. इंग्रजीच्या घरगुती शब्दांचे चुलते जर्मन-डच भाषांत कुठे ना कुठे सापडतात. याचा ठावठिकाणा कोशकारांना लागलेला नाही. गुन्ह्याचा शब्द आणि कुळाचा पत्ता नाही, हे एका अर्थी शोभतंच. त्या काळी त्याचा अर्थ सरळ होता: केलेलं वाईट काम. मोजता येणारं. एक गिल्ट, दोन गिल्ट. ख्रिस्ती लोकांच्या रोजच्या प्रार्थनेत आमचे अपराध माफ कर अशी जी विनवणी आहे, तिथे त्या जुन्या भाषांतरात ‘गिल्ट’चंच अनेकवचन आहे. पुढे 1526 मध्ये भाषांतरकार टिंडलने तिथे ट्रेसपास घातला आणि 1611 च्या राजमान्य भाषांतरात मत्तयाच्या शुभवर्तमानात तिथे डेट, म्हणजे कर्ज, आलं. आपलं मराठी बायबलही तिथे ऋण म्हणतं. एकाच विनवणीत, एकाच जागेवर, आधी गुन्हा, मग आगंतुक पाऊल, मग उधारी. देवाने तिन्हींची वेगवेगळी फाईल ठेवली असेल. त्यातला ट्रेसपास पुढे प्रार्थनेतून उतरून बंगल्याच्या फाटकावर जाऊन बसला. आता तो कुत्र्याच्या चित्राशेजारी असतो.

गिल्ट मात्र हळूहळू आत शिरला. सतराव्या शतकाच्या अखेरीस लोक तो ‘आपण केल्याची जाणीव’ या अर्थाने वापरू लागले, आणि जुन्या कोशकारांनी त्यावर गैरवापर असा शेरा मारला. चुकीच्या शब्दाचाच चुकीचा वापर! पण शब्दावर असा शेरा मारला की तो बहुधा दीर्घायुषी होतो. पुढे विसाव्या शतकात व्हिएन्नाहून फ्रॉइडसाहेबांनी सांगितलं की सुधारलेल्या माणसाच्या दुःखाचं मूळच या अपराधाच्या जाणिवेत आहे. काही केलेलं असो वा नसो, मनात इच्छा आली तेवढ्यानेही ती पुरते. झालं. करण्याची अटच गेली. आता गिल्टी होण्यासाठी गुन्हा करावा लागत नाही, नुसतं दुपारी झोपलं तरी चालतं.

शेजारून ‘गिल्ट’ नावाचा आणखी एक आवाज वावरत असतो, सोन्याच्या मुलाम्याचा. तो आपल्याकडे गिलीट होऊन आला; गिलिटाच्या पाटल्या जत्रेत विकायला असायच्या. उच्चार एक, अक्षरं वेगळी. शेक्सपिअरला असली संधी सोडवत नसे. मॅकबेथमध्ये झोपलेल्या पहारेकऱ्यांची तोंडं रक्ताने माखायची असतात, तेव्हा राजाचं रक्त सांडवणारी लेडी मॅकबेथ खुनाच्या धामधुमीतही या दोन गिल्टांवर कोटी करते. मराठीत हे नाटक ‘मानाजीराव’ म्हणून आणलं शिवराम महादेव परांजप्यांनी, ‘काळ’ पत्राच्या संपादकांनी. आणि या परांजप्यांवर राजद्रोहाचा खटला भरला, त्यांच्या मदतीला म्हणून टिळक मुंबईला गेले असतानाच 24 जून 1908 ला टिळकांनाही पकडलं. सांगायचं होतं ते हेच: मी राहतो ती वस्ती तिलकनगर.

इथे तिलक असं लिहितात. ट चा त झाला, ळ चा ल झाला आणि लोकमान्यांचा कपाळावरचा टिळा झाला. ळ बद्दल मला जास्त वाईट वाटतं, कारण राजस्थानी बोलीत ळ आहे. दादीसांचं ‘निकळी’ आणि ‘गळा’ ऐकून मला साताऱ्याला बसल्यासारखं वाटतं. बोलणाऱ्यांना येतो, पाट्या रंगवणाऱ्यांच्या हिंदीत तो नाही. हे तिलक म्हणजे आपलेच टिळक का, हे मी कुणाला विचारलेलं नाही. आजूबाजूला बापूनगर, गांधीनगर, जवाहरनगर आहे. एवढ्या ओळखीच्या मंडळींत दुसरा कोण तिलक येऊन बसणार, असं धरून मी चालतो.

राजद्रोहासाठी टिळकांना गिल्टी हा शब्द कोर्टात दोनदा ऐकावा लागला. पहिल्यांदा 1897 मध्ये. त्या वर्षी पुण्यात प्लेग होता. म्हणजे ग्रंथिक सन्निपात, गाठीचा ताप. प्लेग-अधिकारी रँडचे सोल्जर घरात घुसून माणसांच्या काखा-जांघा तपासत होते, कशासाठी, तर दादीसांची गिल्टी आहे का बघायला. जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली, जुलैत टिळक पकडले गेले आणि सप्टेंबरात मुंबईच्या हायकोर्टात नऊ जणांच्या ज्यूरीतल्या सहा युरोपियनांनी गिल्टी म्हटलं, तीन हिंदी माणसांनी नाही म्हटलं. एकाच वर्षात, एकाच गावाच्या मागे हिंदी गिल्टी आणि इंग्रजी गिल्टी दोन्ही लागल्या. दादीसांना हे सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, मग मी काय वेगळं विचारत होते?

त्या खटल्यात आरोपाचा मुख्य शब्द होता ‘डिसअफेक्शन’. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला समजावलं की याचा अर्थ अफेक्शनचा अभाव. सरकारबद्दल द्वेष, वैर, नावड, तुच्छता, काहीही त्यात येतं. प्रेम नसणं हा गुन्हा. आमच्या मराठीत त्याला अप्रीती म्हणतात आणि हा शब्द मी भाषांतरात शेकडो वेळा लिहिला असेल, पण दर वेळी मला तो विजापूरच्या बाजूच्या एखाद्या मुलीचं नाव वाटायचा. अप्रीती देशपांडे. असो. अठरा महिने सक्तमजुरी झाली.

दुसऱ्यांदा 1908 मध्ये. ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या केसरीतल्या लेखांवरून. या वेळी टिळकांनी स्वतःच स्वतःची बाजू मांडली, आणि किती, तर एकवीस तास दहा मिनिटं. त्यात त्यांनी अनुवादकांना चांगलंच झोडपलं आहे: माझ्या मराठीचं तुम्ही इंग्रजीत भलतंच केलंत, आणि ज्यूरीतल्या युरोपियनांना तर मूळ मराठी येतच नाही. हा भाग मी दर वेळी जरा मान खाली घालून वाचतो. धंद्याची गोष्ट आहे. 22 जुलैच्या रात्री ज्यूरीने सात विरुद्ध दोन असा कौल दिला. दुसऱ्या दिवशी टिळकांना बावन्न पुरी होणार होती. न्यायमूर्ती दावर यांनी काही सांगायचं आहे का विचारलं, तेव्हा टिळक काय म्हणाले ते आता त्याच कोर्टाच्या भिंतीवर कोरलेलं आहे; 1956 मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी तो फलक लावला. ज्यूरीने काही ठरवलं तरी मी निर्दोष आहे, आणि जगाचा कारभार चालवणारी शक्ती या कोर्टाहून वरची आहे, असा त्याचा आशय. सहा वर्षं काळं पाणी, हजार रुपये दंड.

आता बघा. त्या रात्री तो शब्द जुन्या अर्थाने टिळकांवर पुरता बसला: कोर्ट, ज्यूरी, शिक्षा, सगळं रीतसर. नव्या अर्थाने मात्र कणभरही चिकटला नाही. गिल्टी ठरले, गिल्टी वाटलं नाही. आणि त्यांच्या नावाच्या वस्तीत मी राहतो, ज्याला जन्मात कुणी गिल्टी ठरवलेलं नाही, आणि मला घेवराच्या दुसऱ्या तुकड्यानंतर वाटतं, दुपारच्या झोपेनंतर वाटतं, फोन न उचलल्यावर वाटतं, उचलून लवकर ठेवल्यावर वाटतं. शब्द एकच. त्यांच्याकडे तो बाहेरून आला आणि आत शिरू शकला नाही, माझ्याकडे तो आतच जन्मला आणि बाहेर त्याचा काही पुरावा नाही.

संध्याकाळी मी बिर्ला मंदिरापर्यंत फिरायला जातो. पांढऱ्या संगमरवराचं देऊळ, मागे मोतीडूंगरी, पायथ्याला गणपती; बुधवारी तिथे नव्या गाड्या आणि स्कूटर हारफुलं घालून पूजेला उभ्या असतात. देऊळ लक्ष्मीनारायणाचं, पण बाहेरच्या बाजूला कोरलेल्या मूर्तींत सॉक्रेटिस आहे, येशू आहे, झरथुष्ट्र आहे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी उगाचच मोजदाद केली. सॉक्रेटिस: अथेन्सच्या ज्यूरीने दोषी ठरवलेला, तीसेक मतं इकडची तिकडे झाली असती तर सुटला असता, असं प्लेटोने लिहून ठेवलं आहे. येशू: शिक्षा कशी झाली ते सगळ्यांना माहीत. त्यातच वस्तीला नाव टिळकांचं. शिक्षा झालेल्या माणसांची एवढी गर्दी जयपुरात दुसरीकडे फक्त घाटगेटच्या तुरुंगात असेल. आणि त्यांच्यापैकी एकाच्याही चेहऱ्यावर शिल्पकाराने ओशाळलेपण कोरलेलं नाही. खाली आम्ही पायऱ्यांवर बसलेलो, हातात कुल्फी, चेहऱ्यावर साखरेचा रिपोर्ट.

मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी पेन्सिलीने गीतारहस्य लिहिलं हे आपण शाळेपासून ऐकतो. पण ते कुणाविषयी लिहिलं, हे या शब्दाच्या नादात माझ्या आता लक्षात आलं. अर्जुन म्हणजे काही करण्याच्या आधीच गिल्टी वाटलेला माणूस. बाण सुटला नाही, कुणी पडलं नाही, आणि याला कापरं भरलं, धनुष्य गळालं. यात आणखी एक गाठ आहे. संस्कृतात अपराध या शब्दाच्या पोटातला धातू चुकण्याचा, नेम हुकण्याचाही आहे. ज्याचा बाण लक्ष्याला लागला नाही त्या धनुर्धराला अमरकोशात ‘अपराद्धपृषत्क’ म्हटलंय. ग्रीकांचा पापासाठीचा शब्दही मुळात नेम चुकण्याचाच. म्हणजे ज्याचा नेम कधी चुकला नाही, त्याला अपराधाची भीती वाटली. आणि ज्याला सरकारने अपराधी ठरवून हजार मैलांहूनही लांब नेऊन ठेवलं, तो माणूस पेन्सिल उगाळत त्याची समजूत घालत बसला.

हे सगळं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मी दादीसांना गिल्टी म्हटलं कारण दुसरा शब्दच सुचला नाही.

यावर मात्र मी अडलो. कारण मराठीत या बाबतीत तोटा नाही, उलट सुळसुळाट आहे. निघताना गॅस बंद केला की नाही अशी लागते ती रुखरुख. पाहुण्याला दुसऱ्यांदा चहा विचारायचा राहिला की ती चुटपुट. आईशी शेवटचं बोलणं नीट झालं नाही, ती खंत. आपल्यामुळे दुसऱ्याचं थोडक्यात गेलं तर हळहळ. चारचौघांत आपलंच बोलणं आपल्यावर उलटलं की माणूस वरमतो, पकडला गेला की खजील होतो, पकडलं कुणीच नाही पण आपल्याला माहीत आहे, तेव्हा ओशाळतो. आणि सगळ्यांत जुनं दुखणं म्हणजे मन खातं. इंग्रजी पद्धतीत आधी आपण खातो आणि मग गिल्टी वाटतं; आपल्याकडे आपण काही न खाताही मन खात असतं. एवढे कप्पे केलेला मसाल्याचा डबा ओट्यावर ठेवलेला असताना आपण तयार पाकीट फोडतो.

“तीजेला गेले नाही, त्याला यातलं काय म्हणायचं?” तिने विचारलं.

“चुटपुट.”

“दादीसांना चुटपुट कळली असती?”

नसती कळली. त्यांनी बहुधा सर्दीचा काढा दिला असता.

आणि खरं सांगायचं तर कप्पे असले तरी ते उघडायला जरा धीर लागतो. चुटपुट म्हटलं की छोटं वाटतं, खंत म्हटलं की डोळ्यांत पाणी यायला हवं, ‘मी ओशाळलो’ असं तोंडावर सांगणं म्हणजे तर अंगावरचा सदरा काढून देणं. गिल्टी कसा, सगळ्या मापाचा. मनीप्लँटलाही होतो आणि वृद्धाश्रमातही चालतो. शिवाय परका असल्यामुळे तो म्हटला की आपण थोडे बाजूला उभे राहून स्वतःकडे बघतोय असं वाटतं. मी ओशाळलो यात मी सापडतो. गिल्टी फील होतंय यात फक्त हवामान बदललेलं असतं.

दुकानदारांनी ते हवामान बरोब्बर ओळखलं आहे. चिवड्याच्या पाकिटावर आता ‘गिल्ट-फ्री’ छापलेलं असतं. भाजलेला, तळलेला नाही. एकवीस तास दहा मिनिटं बोलून टिळकांना जे मिळालं नाही, ते आम्हाला किराण्याच्या दुकानात नव्वद ग्रॅमच्या पाकिटात मिळतं, वर किंमत सर्व करांसहित. राजापार्कातल्या मिठाईवाल्याकडे पनीर घेवर, मावा घेवर आणि बिनसाखरेचं घेवर अशी तीन ताटं मांडलेली असतात. तिसऱ्या ताटावर माश्या पण कमी.

दादीसांच्या निदानावर मी पहिल्या दिवशी खूप हसलो होतो, त्याचीही आता थोडी चुटपुट आहे. कारण परवा जुन्या कागदांत माझंच एक भाषांतर सापडलं, कुठल्याशा मानसोपचारतज्ज्ञाच्या साक्षीचं. त्यात ‘गिल्ट कॉम्प्लेक्स’साठी मी, सगळे लिहितात तसाच, अपराधगंड लिहिला होता. न्यूनगंड, अहंगंड, अपराधगंड. आपण हे शब्द इतके सराईतपणे वापरतो की त्यातल्या गंडाकडे कुणी बघत नाही. पण गंड म्हणजे काय? गलगंडातला गंड. गाठ. सूज. गळ्याला येते ती. म्हणजे मराठीतल्या शहाण्यासुरत्या माणसांनी डोकं चालवून जो प्रतिशब्द काढला, तो आणि ओट्यावर गवार मोडणाऱ्या दादीसांनी चष्म्याच्या वरून एका क्षणात केलेलं निदान, दोन्ही एकच. छातीत, एकदम आत, कालपासून, दुखते. फक्त हळद-चुना लावायचं आपल्याकडे कुणाला सुचलं नाही.

हे मी दादीसांना सांगायला गेलो होतो. माझ्या हिंदीतून ते त्यांच्यापर्यंत किती पोचलं कुणास ठाऊक. कलम, ज्यूरी, प्लेग सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, की लेप तीन दिवस लावला ना?

लेप आम्ही लावलाच नव्हता. वाटी अजून ओट्याच्या कोपऱ्यात होती, हळद सुकून तिला भेगा पडलेल्या. मी हो म्हणालो. दादीसांच्या नजरेला नजर न देता. याला मराठीत काय म्हणतात ते मला व्यवस्थित माहीत आहे, पण मी ते कुणाला सांगितलं नाही.

राखीच्या आदल्या दिवशी त्या स्वतःच आल्या. हातात झाकलेलं ताट, मागे नातू. ही दारात गेली. दादीसांनी ताट तिच्या हाती दिलं, दोन बोटांनी हिच्या गळ्याखाली चाचपून बघितलं आणि विचारलं, “बैठ गई गिल्टी?”

हिने ताटावरचा रुमाल उचलला. मावा घेवर होतं, वर पिस्त्याचे काप आणि चांदीचा वर्ख. कोपऱ्याचा एक तुकडा मोडून तोंडात टाकत ही म्हणाली, “हाँ दादीसा. एकदम बैठ गयी.”